चोक ओढला म्हणजे जेट उतरलं असं नाही

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या यायला लागल्या की नाशिकमधल्या जुन्या गाड्यांच्या मालकांचे फोनही यायला लागतात. सेल्फ मारून मारून बॅटरी बसली, गाडी काही उठेना. आणि प्रत्येकाला कुणीतरी तोच सल्ला देऊन ठेवलेला असतो: अ‍ॅक्सिलरेटर चार वेळा दाबा, मग सेल्फ मारा. ज्या कार्बोरेटरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पंप असतो तिथं हे ठीक आहे. एसयू या ब्रिटिश बनावटीच्या कार्बोरेटरमध्ये तो पंपच नसतो. तुम्ही कितीही पाय मारा, पेट्रोलचा थेंबही जास्तीचा जात नाही. उलट सेल्फ मारताना पाय दाबून धरला तर थ्रॉटल उघडं राहतं, पेट्रोल सोडणाऱ्या जेटवरची ओढ कमी होते आणि गाडी आणखी अडते.

मी लिहितोय ते जुळे एसयू एचएस४ कार्बोरेटर असलेल्या एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारबद्दल. सत्तरच्या दशकात आलेल्या एचआयएफ४ कार्बोरेटरची चोकची रचना निराळी आहे, त्यांना पुढे येणारा जेटबद्दलचा मजकूर लागू नाही.

बॅटरी आधी मोजा. रात्रभर उभ्या गाडीत १२.५ व्होल्टच्या आसपास हवेत आणि सेल्फ फिरताना १० च्या फार खाली जाता कामा नये. जुन्या एमजीबीत सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्यांना जोडणारी पट्टी घासून स्वच्छ करा. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप घेणार असाल तर थांबा: १९६७ पर्यंतच्या गाड्या मूळच्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला. नेहमीच्या सवयीनं काळी वायर बॉडीला लावलीत तर धूर निघेल.

मग चावी फिरवा आणि सेल्फ न मारता ऐका. मागच्या बाजूनं पंपाची टकटक भराभर येते, मंदावते आणि थांबते. थांबली म्हणजे फ्लोट चेंबर, कार्बोरेटरशेजारच्या पेट्रोलच्या कुप्या, भरले. आवाजच नसेल तर पंपाचे पॉइंट चिकटलेत, पान्याच्या मुठीनं हलकेच ठोका. टकटक थांबतच नसेल तर टाकी रिकामी आहे किंवा कुठून तरी पेट्रोल गळतंय. अशा वेळी वास घ्या, खाली वाकून बघा, आणि तोवर स्पार्क तपासायच्या फंदात पडू नका.

प्लगची फट ०.०२५ इंच, डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची ०.०१५. डिस्ट्रिब्युटरचं टोपण आतून कोरड्या फडक्यानं पुसा, गोदाकाठच्या धुक्यात ते दमट होतंच.

इथवर सगळं नीट असूनही गाडी उठत नसेल तर चार-पाच सेकंद सेल्फ मारून एक प्लग काढा. प्लग पेट्रोलनं ओला असेल तर स्पार्ककडे परत जा. कोरडा ठणठणीत असेल तर दोष चोकमध्ये आहे. थंडीच्या तक्रारींत बहुतेकदा तो कोरडाच निघतो, आणि मलाही याच जागेनं सगळ्यात जास्त रडवलंय.

एसयूमध्ये चोक म्हणजे हवा अडवणारी झडप नव्हे. बटण ओढलं की कार्बोरेटरच्या तळाचं जेट खाली सरकतं, वरची सुई निमुळती असल्यामुळं तिच्याभोवतीची फट वाढते आणि पेट्रोल जास्त जातं. पण बटणाची सुरुवातीची सुमारे ६ मिलिमीटर खेच जेटला हातच लावत नाही. तेवढ्यानं फक्त फास्ट आयडलची, म्हणजे थंड इंजिनचा वेग जरा वाढवून ठेवणारी, कॅम फिरते आणि थ्रॉटल किंचित उघडतं. ‘थोडाच चोक देतो, प्लग ओले व्हायला नकोत’ म्हणणारे गृहस्थ नेमकं उलटं करत असतात: हवा वाढवतात, पेट्रोल आहे तेवढंच. थंड इंजिनला पूर्ण ओढा, वळवून अडकवा.

आता बघायचं ते हे. इंजिन बंद. घरातल्या कुणाला तरी सीटवर बसवून बटण सावकाश ओढायला सांगा आणि तुम्ही टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन दोन्ही कार्बोरेटरच्या खाली बघा. पितळी जेटची दोन्ही बुडं एकाच क्षणी हलली पाहिजेत आणि सारखीच खाली आली पाहिजेत. बहुधा असं दिसतं की पुढचं उतरलंय आणि मागचं जागचं हललेलंही नाही. म्हणजे चारातले दोन सिलिंडर उपाशी. दोन कार्बोरेटरमधल्या दांड्याचे क्लॅम्प ढिले करा, दोन्ही जेट पूर्ण वर असल्याची खात्री करा, दोन्हीकडचा ढिलेपणा सारखा काढा आणि मग आवळा. केबलला मात्र दीड-दोन मिलिमीटर मोकळीक ठेवा, नाहीतर चोक कधीच पूर्ण बंद होणार नाही.

जेट अडकलेलं असेल तर चोक ओढलेल्या स्थितीत उघड्या पडलेल्या पितळेवर कार्बोरेटर क्लीनर मारा, फडक्यानं पुसा, बोटानं वर-खाली करत राहा. पॉलिश पेपर लावायचा नाही. पक्कड तर अजिबात नाही, तिथंच फ्लोट चेंबरकडून येणारी नायलॉनची नळी जोडलेली असते. बटण आत ढकलल्यावर जेट वर जाऊन मिक्स्चर ठरवणाऱ्या नटाला टेकलं पाहिजे. मध्ये फट राहिली तर सकाळी सुरू झालेली गाडी दुपारी काळा धूर सोडेल.

आणि तो नट फिरवू नका. अ‍ॅम्बॅसॅडरचं १४८९ सीसी इंजिन एमजीबीच्या १७९८ सीसीच्याच बी-सिरीज घराण्यातलं, म्हणून द्वारका-वडाळा नाक्याकडचे जुने मिस्त्री एसयूला घाबरत नाहीत, हे आपलं नशीब. पण त्यांचा हात एका कार्बोरेटरवर बसलेला आहे. गाडी सुरू होत नाही म्हटलं की पाना थेट त्या नटावर जातो, एकाच बाजूच्या. हात धरून अडवा.

कार्बोरेटरच्या माथ्यावरच्या डॅशपॉटमध्ये इंजिन ऑइल घाला, २०-५० चालेल.

सुरू करताना: चोक पूर्ण बाहेर, पाय बाजूला, सेल्फ. इंजिन धरलं की थोड्या सेकंदांत बटण अर्धं आत. फास्ट आयडल १,००० आरपीएमच्या आसपास पुरे. दारात उभी करून गरम करत बसू नका, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. निघा, हळू चालवा, गंगापूर रोडनं सोमेश्वर येईस्तोवर चोक पूर्ण आत गेलेला असायला हवा.

तोवरही आत ढकलला की गाडी अडखळत असेल तर मिक्स्चर खरंच पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, आणि आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर ते नवल नाही. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळं जुन्या सेटिंगवर मिक्स्चर पातळ पडतं. शिवाय थंडीत त्याची वाफही अवघड होते. नटाला हात लावायचा तो आत्ता: इंजिन पूर्ण गरम, दोन्ही नट सारखेच, एका वेळी एक पैलू खाली.