छोट्या कॅमेऱ्याने नाशिकच्या गोदाघाटावरचे रात्रीचे फोटो

साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याने रात्रीचे फोटो येतच नाहीत, असं सर्रास सांगितलं जातं. येतात, आणि चांगले येतात. बिघडतात ते कॅमेरा हातात धरून, ऑटो मोडवर काढल्यामुळे. या कॅमेऱ्यांचा सेन्सर बहुधा ६ बाय ४.५ मिलिमीटरच्या आसपास असतो, करंगळीच्या नखाहूनही लहान. अंधार पडला की ऑटो मोड आयएसओ (प्रकाशाला सेन्सर किती संवेदनशील, त्याचा आकडा) ८०० किंवा १६०० वर नेतो आणि एवढ्याशा सेन्सरवर काळ्या आकाशात रंगीत रवा उमटतो. म्हणून आयएसओ ८० किंवा १०० वरच ठेवायचा आणि शटर काही सेकंद उघडं ठेवायचं. आता प्रश्न उरतो तो कॅमेरा न हलण्याचा, आणि नवशिक्याने सगळ्यात जास्त मेहनत तिथेच घ्यावी.

ट्रायपॉड नसेल तर जाड कापडाच्या पिशवीत अर्धा किलो तांदूळ भरा आणि तोंड शिवून टाका. पिशवी गच्च भरायची नाही, पाऊणच भरायची. घाटाच्या पायरीवर ठेवून कॅमेरा वरून दाबला की तांदूळ सरकून त्याच्यापुरता खळगा तयार होतो आणि लेन्स हवी तशी वर-खाली वळवता येते. छोटा ट्रायपॉड असेल तर त्याचा मधला दांडा वर काढू नका. वाऱ्यात तोच आधी थरथरतो. होळकर पुलाचा कठडा मोह पाडतो, पण जड गाडी गेली की पूल हादरतो आणि चार सेकंदांच्या फोटोत प्रत्येक दिवा दोनदा दिसतो. त्यापेक्षा खाली घाटावर उतरा.

शटर बोटाने दाबतानाही धक्का बसतोच, त्यामुळे २ सेकंदांचा सेल्फ टायमर लावा. कॅमेरा टेकवलेला असताना इमेज स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर भरून काढणारी सोय, बंद करा, नाहीतर नसलेली थरथर थोपवायला जाऊन काही कॅमेरे स्वतःच चित्र हलवतात. फ्लॅशही बंद. त्याचा उजेड तीन-चार मीटरपलीकडे फारसा पोचत नाही, उलट हवेतली धूळ आणि पावसाचे थेंब पांढरे गोळे होऊन पुढ्यात येतात.

वेळ फार महत्त्वाची आहे. नाशिकला डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेरीस सव्वासातच्या. मावळल्यानंतर १५ ते ३५ मिनिटांत आकाश गर्द निळं असतं आणि घाटावरचे दिवे लागलेले असतात. या वीस मिनिटांत नारोशंकराच्या देवळाचा कळस आकाशावर स्वच्छ उठून दिसतो. तासाभराने तोच कळस काळ्यात काळा मिसळून जातो. म्हणून सूर्य मावळायच्या आतच जागा धरून बसा.

मॅन्युअल मोड असेल तर सुरुवात अशी करा: आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ४ (लेन्समधून प्रकाश आत येण्याचं भोक; आकडा मोठा तितकं भोक लहान), शटर २ सेकंद. अंधार वाढेल तसे ४, मग ८ सेकंद. अ‍ॅपर्चर एफ ८ पर्यंत बंद करू नका. इतक्या छोट्या सेन्सरवर चित्र मऊ पडतं. झूमही टाळा. पूर्ण झूमला लेन्स बहुधा एफ ६ च्या आसपास जाते आणि प्रकाश पाव हिश्शावर येतो. चार पावलं पुढे जाणं कधीही बरं.

मॅन्युअल मोड नसेल तर सीन मोडच्या यादीत ‘फटाके’ शोधा. दिवाळी नसली तरी चालेल. बऱ्याच कॅमेऱ्यांत हा मोड आयएसओ कमी ठेवतो, फोकस लांबवर नेतो आणि शटर दोनेक सेकंद उघडं ठेवतो.

फोकस अंधारात मागेपुढे होत राहतो. विषयाइतक्याच अंतरावरच्या एखाद्या दिव्याची कड चौकटीत धरा, बटण अर्धं दाबून ठेवा, मग चौकट हवी तिथे आणून पूर्ण दाबा. टायमर लावलेला असला तरी बऱ्याच कॅमेऱ्यांत ही युक्ती चालते. डोंगराची खूण असलेला फोकस असेल तर लांबच्या दृश्याला तो पुरेसा आहे.

दुतोंड्या मारुतीजवळ एक हमखास चूक होते. शेंदरी रंगावर पिवळा उजेड पडला की फोटोतला लाल रंग आधी भरून जातो; मूर्तीचे उंचवटे, खोबणी सगळं सपाट भगवं होतं आणि नुसता डाग उरतो. एक्स्पोजर उणे १ करा, म्हणजे फोटो एक पायरी गडद येईल, आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवणारी सोय) ऑटोऐवजी बल्बच्या खुणेवर ठेवा. आजूबाजूचा दगड थोडा काळपट येईल, पण मारुतीचा चेहरा वाचता येईल.

रामकुंडावरच्या आरतीला आयएसओचा नियम मोडावा लागतो, कारण हात आणि ज्योत दोन्ही हलतात. आयएसओ ४०० ते ८००, अ‍ॅपर्चर जितकं उघडेल तितकं, शटर १/३० सेकंद आणि एक्स्पोजर उणे १. खांब किंवा भिंतीला टेकून उभे राहा, लागोपाठ सहा-सात फोटो घ्या. एखाद्यात आरती क्षणभर थांबलेली सापडते. पाण्यात सोडलेल्या दिव्यांना अर्धा सेकंद पुरतो. त्याहून जास्त ठेवलात तर ज्योतींच्या रेघा होतात, त्या हव्या असतील तर गोष्ट वेगळी.

८ सेकंदांच्या फोटोनंतर पडदा आणखी तितकाच वेळ काळा राहिला तर कॅमेरा अडकलेला नाही. तो शटर बंद ठेवून दुसरा फोटो घेतो आणि त्यातले खोटे ठिपके पहिल्यातून वजा करतो. मध्येच बंद करू नका. यात बॅटरी भराभर उतरते, थंडीत तर जास्तच, म्हणून दुसरी बॅटरी आतल्या खिशात ठेवा.

अंधारात पडदा भडक दिसतो आणि घरी आल्यावर फोटो काळे निघतात. निघण्याआधी पडद्याची चमक कमी करा, हिस्टोग्राम (फोटोत गडद-उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख) चालू ठेवा आणि प्रत्येक चौकट २, ४ आणि ८ सेकंदांनी तीनदा घ्या. मग फोटो मोठा करून दिव्याजवळच्या भिंतीचे दगड वेगवेगळे दिसतात का ते तिथेच, घाटावर बसून बघा.