सामान्य शिक्षणाची फेररचना करताय? या चुका टाळा

समितीच्या पहिल्या बैठकीत हमखास कुणीतरी विचारतं, "आपला पदवीधर कसा असावा?" पुढचं अख्खं सत्र त्या चर्चेत जातं. प्रश्न चांगलाच आहे, पण त्याच्या उत्तरावर सगळ्यांचं एकमत होतं आणि म्हणूनच ते फारसं कामाला येत नाही. सुजाण, विवेकी, लिहिता-बोलता येणारा पदवीधर कुणाला नकोय? मी अशा दोन समित्यांवर काम केलंय. एकीचा मसुदा टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला आणि पहिल्याच सत्रात वेळापत्रकावर आपटला.

मुख्य विषय कोणताही असो, प्रत्येकाला घ्यावेच लागतात असे लेखन, गणिती विचार, विज्ञान, इतिहास, कला वगैरे विषय म्हणजे सामान्य शिक्षण. अमेरिकी पद्धतीच्या पदवीत साधारण १२० क्रेडिटांपैकी (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजायचं माप) ३० ते ४५ इथे खर्ची पडतात. पदवीचा पाव ते एक तृतीयांशाहून थोडा जास्त हिस्सा हलवायचा, तर घोडं कुठे कुठे पेंड खातं ते आधी माहीत असलेलं बरं.

हिशेब शेवटी करणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. समजा, दरवर्षी २,००० नवे विद्यार्थी येतात आणि समितीने ठरवलं की पहिल्या वर्षी प्रत्येकाने लेखनाचा एक विषय २५ जणांच्या छोट्या तुकडीत शिकायचा. म्हणजे ८० तुकड्या. एका शिक्षकाकडे सत्राला तीन, वर्षाला सहा तुकड्या दिल्या तरी चौदा शिक्षक लागले, तेही दरवर्षी आणि फक्त या एका विषयासाठी. प्रत्येक मुलाने सत्रात चार निबंध लिहायचे आणि प्रत्येक एकदा सुधारून द्यायचा, तर एका शिक्षकाच्या टेबलावर सत्राला ६०० निबंध येतात. हे गणित कागदाच्या अर्ध्या पानावर मावतं, पण ते मसुद्याला जोडलेलं मी क्वचितच पाहिलंय.

कोलंबिया विद्यापीठात पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, समकालीन सभ्यतेवरचा अनिवार्य विषय सुरू झाला. तो आजही छोट्या वर्गांत, समोरासमोर चर्चा करत शिकवला जातो. त्याची वाचनयादी कुणालाही उचलता येते, वर्गाचा आकार उचलायला पैसे लागतात. तेच पुस्तक दोनशे जणांच्या सभागृहात लावलं की उरते ती फक्त यादी.

म्हणून तत्त्वांची चर्चा सुरू होण्याआधीच एक तक्ता मागा: आज कोणता विभाग सामान्य शिक्षणाच्या किती जागा भरतो, त्या कोण शिकवतं, कायम शिक्षक की कंत्राटी. नवा प्रस्ताव आला की शेजारी दुसरा रकाना भरा.

ताकाला जाऊन भांडं लपवणं

हा तक्ता टाळला जातो त्याला कारण आहे. विभागाची पदं विद्यार्थीसंख्येवर ठरतात आणि संख्या मिळते ती अनिवार्य विषयांतून. एका बैठकीत एक विभागप्रमुख त्यांच्या विषयाशिवाय मानवी संस्कृती कशी अपुरी आहे, यावर वीस मिनिटं बोलले. छान बोलले. चहाच्या वेळी कळलं की विषय वैकल्पिक झाला तर त्यांच्या तीन कंत्राटी सहकाऱ्यांचं काम जातंय. हे बैठकीतच सांगितलं असतं, तर तोडगा निघाला असता.

भीती उघड बोलली गेली नाही की देवाणघेवाण सुरू होते. "तुम्ही आमच्या प्रयोगशाळेच्या अटीला मत द्या, आम्ही तुमच्या दुसऱ्या भाषेला देतो." सगळे खूश, आणि ३६ क्रेडिटांचा आराखडा ४८ वर पोचलेला. बिल विद्यार्थ्याच्या नावावर!

यावर एकच उपाय मी चालताना पाहिलाय. या बदलामुळे पुढची काही वर्षं कुणाचंही पद कमी होणार नाही, अशी प्रशासनाची लेखी हमी मतदानाआधी घ्या. तोंडी आश्वासनावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

डब्यांची नावं बदलून माल तोच ठेवणं

अनिवार्य विषयांच्या जुन्या गटाला 'विज्ञान' म्हणत होते, आता 'वैज्ञानिक दृष्टी' म्हणतात. आत मात्र रसायनशास्त्राचा तोच पहिला पेपर. तो पेपर म्हणजे त्या विषयाच्या शिडीची पहिली पायरी, आणि ज्याला दुसरी पायरी कधीच चढायची नाही त्याला ती शिकवून काय मिळवायचं? त्याच्यासाठी वेगळा विषय रचावा लागतो. ते कष्टाचं काम आहे, म्हणून टाळलं जातं.

यातून मोठी नावंही सुटलेली नाहीत. हार्वर्डमध्ये १९४५ साली सामान्य शिक्षणावर गाजलेला अहवाल आला, १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'कोअर' आराखडा आला, २००७ मध्ये तो काढून आठ गटांची नवी रचना मंजूर झाली. काही वर्षांनी त्यांच्याच आढाव्यात दिसलं की सामान्य शिक्षण आणि निव्वळ विषयवाटप, म्हणजे वेगवेगळ्या शाखांतला एकेक विषय घ्यायची अट, यांची सरमिसळ झालीय. २०१६ मध्ये आठाचे चार गट करायचं ठरलं आणि २०१९ पासून ते लागू झालं. उलट ब्राउन विद्यापीठाने १९६९ मध्ये असे अनिवार्य गटच काढून टाकले. तोही प्रामाणिक मार्ग आहे, मात्र तिथे सगळा भार विद्यार्थ्याला सल्ला देणाऱ्या शिक्षकावर जातो, हे विसरू नये.

गटात घेतलेल्या प्रत्येक विषयाला मुदत घाला. पाच वर्षांनी पुन्हा अर्ज, नाहीतर यादीतून बाहेर. नाहीतर यादी फुगतच जाते, कारण विषय आत घ्यायला सगळे तयार असतात, बाहेर काढायला कुणी पुढे येत नाही.

कुलसचिव कार्यालयाला शेवटी कळवणं

मंजुरीआधी या कार्यालयाकडून वीस जुनी गुणपत्रकं घ्या, नावं झाका आणि नव्या नियमांतून चालवून बघा. त्यांत दुसऱ्या संस्थेतून आलेले, मुख्य विषय बदललेले, नापास होऊन परतलेले असे सगळे नमुने हवेत. आम्ही हे उशिरा केलं. तिसऱ्या वर्षी मुख्य विषय बदललेल्या एका मुलीची पदवी आठऐवजी नऊ सत्रांवर जात होती, आणि कारण काय, तर एकच विषय दोन गटांत धरता येतो की नाही, हे कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं.

अभियांत्रिकी आणि परिचर्येसारख्या शाखांना पहिल्या दिवसापासून बोलवा. त्यांचं वेळापत्रक बाहेरच्या मान्यतेच्या अटींनी आधीच गच्च भरलेलं असतं. जुन्या विद्यार्थ्यांना जुनेच नियम लागू राहतील, हे एका वाक्यात छापा.

लागू झाल्यावर गाडी अडली तर

एखाद्या विषयाच्या जागा काही मिनिटांत संपत असतील आणि शेजारचा ओस असेल, तर आधी वेळापत्रक तपासा. पुष्कळदा दोष विषयाचा नसून सकाळी आठच्या तासाचा असतो. शेवटच्या सत्रातले विद्यार्थी एका विषयासाठी अडकत असतील, तर तो दर सत्राला मिळतो की वर्षातून एकदाच, ते बघा.

सूट मागणारे अर्ज मात्र नीट मोजा. समाधानाच्या प्रश्नावल्यांपेक्षा ते जास्त खरं बोलतात. आमच्याकडे पहिल्या वर्षी आलेल्या अर्जांपैकी निम्म्याहून जास्त एकाच नियमाविरुद्ध होते: प्रयोगशाळेचा विषय दुसऱ्या वर्षाच्या आत पूर्ण करण्याच्या. तो नियम कुणी सुचवला होता, हे बघायला आम्ही सगळी इतिवृत्तं चाळली. कुठेच सापडलं नाही.