‘हेझल’ कशी पाहावी: जुनी अमेरिकन मालिका पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

घरकामासाठी चोवीस तास घरातच राहणारी, प्रत्येकाच्या भानगडीत पडणारी आणि शेवटी बहुधा तिचंच खरं होणारी बाई, म्हणजे हेझल बर्क. १९६१ ते १९६६ या काळात अमेरिकेत या मालिकेचे ५ सीझन झाले, एकूण १५४ भाग. पहिल्याच वर्षी तिथल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमांत ती चौथी होती. तरीही आज नव्याने पाहायला बसलेली बरीच मंडळी दोन-तीन भागांत कंटाळतात. मालिकेपेक्षा बहुतेक वेळा प्रत आणि क्रम नडतो. कापलेली प्रत हाती येते, ताणलेलं चित्र दिसतं किंवा सुरुवातच भलत्या सीझनपासून होते. या तिन्ही गोष्टी आधी सांभाळाव्या लागतात.

पायरी १: घरातली माणसं ओळखून घ्या

जॉर्ज बॅक्स्टर वकील, त्याची बायको डोरोथी घरसजावटीची कामं घेणारी, मुलगा हॅरॉल्ड. हेझल जॉर्जला ‘मिस्टर बी’, डोरोथीला ‘मिसी’ आणि हॅरॉल्डला ‘स्पोर्ट’ म्हणते. ही तीन नावं पक्की लक्षात ठेवा, कारण संवादांत तीच सारखी येतात. शिवाय जॉर्जची तोऱ्यात वागणारी बहीण डीअर्ड्रा, शेजारचं जॉन्सन नावाचं वयस्कर जोडपं, दुसऱ्या घरी काम करणारी हेझलची मैत्रीण रोझी आणि जॉर्जचा बडा अशील हार्वे ग्रिफिन. या ग्रिफिनचा जीव हेझलच्या हातच्या खाण्यात अडकलेला असतो. तो पडद्यावर आला की ताटाकडे लक्ष ठेवा.

मराठी प्रेक्षकाने इथे कान जरा जास्त उघडे ठेवावेत. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. त्यामुळे हेझल जॉर्जला ‘अहो’ म्हणतेय की ‘अरे’, हे शब्दांवरून कळत नाही, सुरावरून कळतं. तोंडी ‘मिस्टर’ असतो आणि सूर थोरल्या बहिणीचा. सगळा विनोद या फटीत आहे. ती ऐकू आली नाही, तर नुसती बडबडी बाई दिसते.

पायरी २: प्रत तपासून घ्या

अर्ध्या तासाच्या वेळेत त्या काळी कार्यक्रम साधारण २५ ते २६ मिनिटांचा असायचा, उरलेल्या वेळात जाहिराती. पुढे पुनःप्रक्षेपणासाठी जास्त जाहिराती बसवायच्या म्हणून जुने भाग २२ मिनिटांच्या आसपास कापले जाऊ लागले. म्हणून भाग सुरू करण्याआधी खालच्या पट्टीवरची वेळ बघा. २१-२२ मिनिटं दिसली, तर तीन-चार मिनिटं गेली असं समजा. कात्री बहुधा कथेला लागत नाही, स्वयंपाकघरातल्या निवांत बोलण्याला लागते. नेमकं तेच या मालिकेत पाहण्यासारखं आहे. संगीत मध्येच तुटलं, किंवा एखादं पात्र दारातून आत न येताच खोलीत उभं दिसलं, की तिथे कात्री चालली आहे असं धरून चाला.

पहिला सीझन सोनीने २००६ मध्ये डीव्हीडीवर आणला, पुढचे चार शाउट फॅक्टरीने २०१२-१३ मध्ये. अमेरिकेतून मागवण्याआधी पाकिटामागचा रीजन क्रमांक, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालेल ते सांगणारा आकडा, वाचा. अमेरिकेचा रीजन १, भारताचा ५. आपल्याकडचा साधा प्लेअर रीजन १ ची डिस्क नाकारतो. सर्व रीजन चालणारा प्लेअर हा सोपा उपाय. संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन बदलता येतो, पण फक्त ५ वेळा. पाचव्यांदा जो ठेवाल तोच कायमचा राहतो, म्हणून सहज गंमत म्हणून तिथे हात लावू नका.

पायरी ३: चित्र सरळ करा

मालिका ४:३ च्या चौकटीत आहे. आजचा टीव्ही १६:९. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणं, हेच बरोबर. पट्ट्या घालवायला चित्र ताणलं, तर माणसं एक तृतीयांशाने रुंद होतात. झूम केलं, तर वरखालून मिळून पाव चित्र जातं आणि हेझलच्या हातातली बशी चौकटीबाहेर राहते.

चित्र ताणलंय का हे डोळ्यांना लवकर कळत नाही, सवय होऊन जाते. त्यासाठी एक खात्रीची युक्ती आहे. मालिकेची प्रायोजक फोर्ड कंपनी होती, त्यामुळे बॅक्स्टरांच्या दारात फोर्ड गाड्या हमखास दिसतात. गाडी बाजूने दिसली की चित्र थांबवा आणि चाक बघा. चाक गोल, तर चित्र बरोबर. आडवं लंबगोल, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ४:३ किंवा ‘मूळ आकार’ निवडा. संगणकावर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर वापरत असाल, तर ‘ए’ ची कळ दाबत राहिल्यावर हे प्रमाण बदलत जातं.

डीव्हीडी संगणकावर पाहताना हेझल झपकन वळली की तिच्या कडांना कंगव्यासारख्या आडव्या रेघा येतात. डिस्क खराब नसते. सेकंदाला २४ चौकटींची फिल्म अमेरिकन टीव्हीच्या वेगात बसवताना काही चौकटी एकमेकींत मिसळलेल्या असतात, त्या उघड्या पडतात. व्हीएलसीच्या डीइंटरलेस यादीत ‘फिल्म एनटीएससी’ हा पर्याय याच कामासाठी आहे.

पायरी ४: पहिल्या सीझनपासूनच सुरू करा

पहिला सीझन कृष्णधवल आहे, म्हणून लोक तो सोडून दुसऱ्यावर उडी मारतात. तसं करू नका. जॉर्ज आणि हेझल यांच्यातली रस्सीखेच इथेच सर्वांत ताणलेली आहे. घराचा मालक कोण, हा प्रश्न इथे खराखुरा वाटतो. पुढे दोघांनाही उत्तर माहीत असल्यासारखं होतं. ३५ भाग पाहायला सवड नसेल, तर निदान मुलांच्या मैदानासाठी हेझल कंबर कसते तो पहिला भाग, घरात कुत्रा येतो तो, पार्किंगच्या दंडावरून ती अडून बसते तो आणि नाताळच्या खरेदीचा, एवढे पाहाच.

सहावा भाग मात्र रंगीत आहे, आणि कथाही रंगीत टीव्हीचीच. मालिका दाखवणारी एनबीसी ही वाहिनी आरसीएच्या मालकीची होती, आणि आरसीए रंगीत टीव्ही विकत होती. त्या एका भागाला रंग का लागला, ते यावरून समजावं. तुमच्या प्रतीत तो कृष्णधवल दिसला, तर टीव्हीशी झटापट करू नका, प्रतच तशी आहे. दुसऱ्या सीझनपासून सगळंच रंगीत.

पायरी ५: शर्ली बूथकडे बघा

हेझलची भूमिका करणारी शर्ली बूथ रंगभूमीवरची मोठी नटी. टीव्हीवर येण्याआधीच तिला ऑस्कर मिळालं होतं, आणि हेझलसाठी १९६२ आणि १९६३ मध्ये एमी हा टीव्हीचा पुरस्कार. एखादा प्रसंग आवाज बंद करून पाहा. जॉर्ज बोलत असताना ती काय काय करते ते दिसेल, कारण हशाची मुद्रित पट्टी मग तुम्हाला कुठे हसायचं ते सांगत नाही.

आणखी एक गोष्ट मनात ठेवून पाहा. त्या काळच्या अमेरिकेत परक्या घरी राबणाऱ्यांत कृष्णवर्णीय बायकांची संख्या फार मोठी होती. १९५० मध्ये आलेल्या ‘ब्यूला’ या मालिकेतली मोलकरीण कृष्णवर्णीयच होती. हेझल गोरी आहे. मालकाला इतकं उघड सुनावण्याची मोकळीक तिला मिळते, त्यात या गोष्टीचाही वाटा किती, हे प्रत्येक भागात तपासण्यासारखं आहे.

पायरी ६: पाचवा सीझन वेगळा धरा

इथेच नवखे अडखळतात. मालिका एनबीसीवरून सीबीएस या दुसऱ्या वाहिनीवर गेली आणि जॉर्ज-डोरोथी दोघंही गायब झाले. कामानिमित्त ते मध्यपूर्वेत गेल्याचं कथेत सांगितलंय. हेझल आणि हॅरॉल्ड जॉर्जचा धाकटा भाऊ स्टीव्ह, त्याची बायको बार्बरा आणि मुलगी सुझी यांच्या घरी राहायला येतात. कुठलाही एखादा भाग लावलात आणि नावं जुळेनात, तर आधी सीझनचा आकडा बघा. हे २९ भाग शेवटीच पाहावेत. स्टीव्ह घरमालक म्हणून जॉर्जसारखा तुल्यबळ वाटत नाही, पण शर्ली बूथ तीच आहे.

वेळ पुरत असेल तर

मालिकेच्या आधी हेझल व्यंगचित्रात होती. टेड की यांची ही एका चौकटीची चित्रं १९४३ पासून ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ साप्ताहिकात येत होती. पाच-सहा चित्रं पहिल्या सीझननंतर शोधून पाहा. तिथे एकच चौकट आणि फार तर एक ओळ, तेवढ्यात घर कोणाच्या तालावर चालतं ते कळतं. रोज दोन भाग या हिशेबाने सगळे १५४ भाग ७७ दिवसांत होतात.