‘कधी कधी’ सुरू न होणारी गाडी: या चुका टाळा

बावीस वर्षं झाली, कराडला हायवेलगत गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतोय. ठार बंद पडलेली गाडी टो होऊन आली तर मला सोपं जातं, कारण बिघाड गाडीसोबतच आलेला असतो. घाम काढते ती चार दिवस नीट चालून पाचव्या दिवशी, रात्री, घरची माणसं सोबत असताना अडून बसणारी गाडी. गॅरेजच्या दारात तीच पहिल्या सेल्फला सुरू होते. आणि माझ्याकडे येईपर्यंत तिच्यातले तीन-चार पार्ट बदलून झालेले असतात.

पार्ट बदलला, गाडी सुरू झाली, म्हणजे काम झालं

या एका समजुतीपायी लोकांचे जेवढे पैसे वाया जाताना पाहिलेत, तेवढे दुसऱ्या कशानेही नाही. जी गाडी दहातल्या नऊ वेळा आपणहून सुरू होते, तिच्यात तुम्ही बॅटरी बदला नाहीतर काच पुसा, पुढच्या वेळी ती बहुतेक सुरू होणारच. तो काही दुरुस्तीचा पुरावा नाही.

एक निवृत्त गुरुजी पाटणहून यायचे. 2012 ची पेट्रोल हॅचबॅक. सकाळी घरून निघताना कधीही त्रास नाही. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून चहाला थांबले, की पुन्हा चावी फिरवल्यावर फक्त एक ‘टक्’. अर्ध्या तासाने सुरू. एका ठिकाणी नवी बॅटरी घातली, दहा दिवस बरे गेले. पुन्हा तेच, तेव्हा ‘बॅटरीच खराब लागली’ म्हणून ती बदलली. मग सेल्फचे कार्बन (आत घासून झिजणारे तुकडे), नंतर अख्खा सेल्फ. पेन्शनवर जगणारा माणूस, तो प्रत्येक वेळी विश्वासाने पैसे देत गेला.

मी त्यांना एकच विचारलं: टक् होतं तेव्हा हेडलाइट लावून पाहिलात का? म्हणाले, “हो, लख्ख असतात. म्हणून तर कोडं पडलं.” तिथेच अर्धं उत्तर मिळालं. बॅटरी बसलेली असेल, तर सेल्फ मारताना दिवे मलूल होतात. दिवे लख्ख आणि सेल्फ मुका, याचा अर्थ बॅटरीत दम आहे, तो सेल्फपर्यंत पोचत नाही.

गाडी ठेवून घेतली. रोज मसूरपर्यंत फेरी मारून आणायची, बंद करायची, पुन्हा चावी फिरवायची. तिसऱ्या दिवशी अडली. बोनेट उघडून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या खांबावर, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर धरली आणि पोराला सेल्फ मारायला सांगितलं. दोन्हीकडे मायनसच, त्यामुळे फरक 0.2 व्होल्टच्या आत हवा. मीटरने 4.3 दाखवले. मग जंपर केबलची एकच वायर बॅटरीच्या मायनसवरून थेट इंजिनाच्या बोल्टला जोडली. गाडी तत्क्षणी सुरू.

दोष होता अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीचा मायनस इंजिनाला जोडणाऱ्या केबलच्या थिंबलमध्ये (टोकाच्या धातूच्या कडीत). वरचं रबर नव्यासारखं, आत तांब्याच्या तारा हिरव्या पडून तुटलेल्या. इंजिन तापलं की जोड सैल पडायचा, गार झालं की पुन्हा धरायचा. आधीच्या मेकॅनिकने ही केबल मीटरच्या बीपवर तपासलीही होती. बीपने इथे काही कळत नाही. एक तार शाबूत असली तरी मीटर बीप देतो, पण सेल्फला शंभर-दीडशे अँपिअर लागतात. दीडशे अँपिअर जात असताना वाटेत ओहमचा दोन शतांश एवढाच अडथळा असला, तरी तिथे 3 व्होल्ट खर्ची पडतात. म्हणून जाड केबल नेहमी लोड असताना, म्हणजे सेल्फ मारतानाच तपासायची. केबलीचा खर्च आधी बदललेल्या सेल्फच्या मानाने किरकोळ होता.

माझी सवय सांगतो. बिघाड साधारण किती दिवसांनी दिसतो ते विचारून घेतो आणि त्याच्या तिप्पट दिवस बिनतक्रार गेल्याशिवाय ‘झालं’ म्हणत नाही. गिऱ्हाईक घाई करतं, करू दे.

‘सुरू होत नाही’ एवढंच सांगणं

फोनवर हे ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो, आवाज कसला येतो? ‘टकटकटक’ भराभर येत असेल, तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. एकच ‘टक्’ असेल, तर सेल्फ किंवा त्याच्या जाड केबली. काहीच आवाज नसेल, तर चावीचा स्विच, रिले (सेल्फला करंट सोडणारा छोटा स्विच), क्लचखालचा स्विच, ऑटोमॅटिक असेल तर गिअरचा स्विच. (गिअर एकदा न्यूट्रलला टाकून सेल्फ मारून बघा. त्यावर सुरू झाली, तर तपास तिथेच सुरू करायचा.) आणि इंजिन खळखळा फिरतंय पण पेट घेत नाही, हा वेगळाच आजार. त्यात बॅटरीमागे लागू नका.

या शेवटच्या प्रकारात फसवणारा पार्ट म्हणजे क्रँक सेन्सर, इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा. कुंभार्ली घाट चढून वर आलेल्या गाड्यांत मी हे पाहिलंय. इंजिन तापलेलं, दहा मिनिटं थांबले, मग नुसतं फिरतं. सेन्सरच्या आतली वायर तापल्यावर तुटक होते, इंजिनाला स्पार्क कधी द्यायचा हेच कॉम्प्युटरला कळत नाही. गार झालं की सगळं ठीक, म्हणून लोक टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाला दोष देतात आणि टाकी उतरवतात. टाकीला हात लावण्याआधी सेल्फ मारताना स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रावर) आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे, दिसतो का ते बघा. इंजिन फिरत असून आकडा शून्यच राहिला, तर आधी सेन्सर आणि त्याची वायर.

हे तर करूच नका

इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून अल्टरनेटर ‘चेक’ करणं. जुन्या जीपवर खपून जायचं ते. आजच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि कंट्रोल युनिट जळू शकतं. माझ्या गॅरेजमध्ये हे करणाऱ्या पोराला मी कामावर ठेवत नाही. मीटर लावा, चालू इंजिनावर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले की झालं.

स्कॅन करायच्या आधी बॅटरी काढून ठेवणं. बऱ्याच गाड्यांत त्याने कॉम्प्युटरमध्ये साठलेले बिघाडाचे कोड पुसले जातात. तोच एक साक्षीदार असतो.

सेल्फला पान्याने ठोकून रोज गाडी काढणं. ठोकल्यावर सुरू झाली, तर सेल्फचे कार्बन संपत आलेत हे कळलं. एकदा ठोकून घरी या आणि दुसऱ्या दिवशी सेल्फ उतरवा.

टर्मिनल वरवर घट्ट करणं. काढून आतून पॉलिश पेपरने घासा. हाताने जरा जरी हललं, तर ते सैलच.

सलग अर्धा मिनिट सेल्फ मारणं. दहा सेकंद मारा, मग थोडी उसंत द्या.

चावीचं चित्र डॅशबोर्डवर लुकलुकत असताना, म्हणजे गाडी चावी ओळखत नसताना, बोनेट उघडणं. आधी दुसरी चावी लावून बघा.

रात्रभरात बॅटरी उतरते का हे पाहायला, बंद गाडी किती करंट खाते ते दरवाजा लावल्या लावल्या मोजणं. गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वीस ते चाळीस मिनिटं घेतात, त्यानंतरचा आकडा खरा. 50 मिलिअँपिअरच्या वर असेल, तर एकेक फ्यूज काढत जा. मला तरी बहुतेक वेळा बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम किंवा ट्रॅकरच सापडलाय.

लिहून न ठेवणं

हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. डॅशबोर्डच्या कप्प्यात छोटी वही ठेवा. गाडी अडली की तारीख, इंजिन गरम की गार, दिवे कसे, आवाज कोणता, पाऊस होता का, एवढं लिहा. ओगलेवाडीच्या एका ताईंनी दीड महिना असं लिहून वही माझ्या हातात दिली. सात नोंदी होत्या, सातही सोमवारच्या सकाळच्या. मी विचारलं, “रविवारी काय करता?” त्या म्हणाल्या, “गाडी धुतो की, दादा.” बोनेटखालच्या फ्यूजबॉक्सच्या झाकणाची एक क्लिप तुटली होती आणि सेल्फच्या रिलेखाली पाण्याचा पांढरा डाग होता.