मुलींना पैशाचा व्यवहार कसा शिकवावा

काटकसर मुलींना वेगळी शिकवावी लागत नाही, ती लहानपणापासून कानावर पडलेली असते. राहून जातो तो व्यवहार: कागद वाचणं, दर विचारणं, सही करण्याआधी थांबणं. माध्यमिकच्या वर्गाला आठवड्याला एक तास मिळाला, तर दोन-अडीच महिन्यांत एवढं होतं.

पहिले दोन आठवडे फक्त वही. हातात आलेला आणि गेलेला पैसा तारखेसह लिहायचा. जिच्या हातात पैसे येतच नाहीत, तिने घरासाठी आणलेल्या वस्तूंचा हिशेब लिहावा. वह्या वर्गात वाचून घेऊ नका. आईवडिलांच्या कमाईचा आकडा तर अजिबात विचारू नका; एकदा विचारलात की पुढच्या आठवड्यात निम्म्या वह्या खोट्या. चर्चेसाठी एक काल्पनिक कुटुंब घ्या आणि त्याला हवे तेवढे प्रश्न विचारा.

मग फळ्यावर दोन रकाने: गरज आणि हौस. मोबाइलचा रिचार्ज हौसेत गेला की कोणीतरी म्हणणारच, "मग अभ्यासाचे व्हिडिओ कशावर बघू?" भांडू द्या. सॅनिटरी पॅडचं नाव कोणी घेत नसेल तर ते तुम्ही लिहा, आणि गप्प बसा.

खरा वेळ द्यायचा तो व्याजाला. ७२ला व्याजदराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षं ढोबळमानाने कळतात: ८ टक्क्यांनी ९ वर्षं, २४ टक्क्यांनी ३. बचतीपर्यंत सगळ्या खुश असतात. मग हाच हिशेब न फेडलेल्या कर्जाला लावायला सांगा. "महिना फक्त २ टक्के" हे चक्रवाढीने वर्षाला जवळजवळ २७ टक्के होतात, हे त्यांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघावं.

त्यानंतर हे उदाहरण. १२,०००चं कर्ज, १० टक्के 'फ्लॅट' दर (म्हणजे व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच), वर्षभरात १२ हप्ते. व्याज १,२००, म्हणजे हप्ता १,१००. सरळ वाटतं. आता दर महिन्याला किती मुद्दल वापरायला होतं ते एकाखाली एक लिहायला लावा: पहिल्या महिन्यात १२,०००, मग ११,०००, १०,०००, असं करत शेवटच्या महिन्यात १,०००. सरासरी निघते ६,५००. वापरायला सरासरी ६,५००, आणि व्याज मात्र पूर्ण १२,०००वर! खरा दर १८ टक्क्यांच्या आसपास पडतो. या तक्त्यात अख्खा तास गेला तरी जाऊ द्या; माझ्या मते सगळ्या अभ्यासक्रमात हाच तास सोडू नये असा आहे. कर्ज घेताना 'दर फ्लॅट की घटत्या शिलकीवर?' एवढा एक प्रश्न त्यांच्या तोंडी बसला तरी पुष्कळ.

फॉर्मसाठी एक तास पुरे. खातं उघडण्याचा कोरा फॉर्म भरायचा, बारीक अक्षरातला मजकूर मोठ्याने वाचायचा, सही दहा वेळा सारखी येते का बघायची. कोऱ्या कागदावर सही नाही. पिन आणि ओटीपी कोणालाच नाही, आणि 'कोणालाच' यात घरचेही आले.

इथे मुली अडखळतात. अनोळखी माणसाला नाही म्हणता येतं, आपल्या माणसाला म्हणताना जीभ जड होते. म्हणून छोटे प्रसंग करून घ्या. एकीने भाऊ व्हायचं: "तुझ्या खात्यावर मित्राचे पैसे येऊ दे, लगेच काढून देतो." दुसरीने नकार द्यायचा, कारण न सांगता. पहिल्यांदा हसण्यावारी जातं. तिसऱ्यांदा आवाज ठाम होतो. अशा उसन्या खात्यांतून फसवणुकीचे पैसे फिरवले जातात आणि चौकशी खातेदाराची होते, हे प्रसंगानंतर सांगा, आधी नको.

परीक्षा घेऊ नका. वर्गाच्या सहलीचा हिशेब त्यांच्याकडे सोपवा: वर्गणी, गाडीभाडं, पावत्या, सगळं. शेवटी आकडा जुळला नाही तर पदरचे घालून जुळवू नका. पावत्यांचा गठ्ठा मधे ठेवा आणि चूक त्यांनाच शोधू द्या.