अ‍ॅक्सेसच्या फॉर्मवरून फोटोची फाइल कशी निवडावी

समजा, इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या वधू-वर सूचक मंडळाच्या नोंदी डेटाबेसच्या प्रोग्राममध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये आहेत. स्थळाचा फोटो जोडायला नोंदी भरणाऱ्या काकूंनी अख्खा पाथ (फाइलचा फोल्डरसकट पत्ता) टाइप करायचा, ही अपेक्षाच चुकीची. त्यांना बटण द्या.

फॉर्मवर 'फोटो निवडा' बटण टाका. प्रॉपर्टी शीटमध्ये 'ऑन क्लिक'समोरच्या तीन टिंबांवरून कोड बिल्डर उघडा. तिथे एक ऑब्जेक्ट व्हेरिएबल (कोडमध्ये वस्तू धरून ठेवणारं नाव) घ्या आणि त्यात 'अ‍ॅप्लिकेशन.फाइलडायलॉग(3)', म्हणजे फाइल निवडायची खिडकी, सेट करा. 3 म्हणजे फाइल निवडणे, 4 म्हणजे फोल्डर. आकडा लिहिला की ऑफिस लायब्ररीचा रेफरन्स जोडावा लागत नाही, म्हणून मला आकडाच बरा वाटतो.

'अलाउमल्टीसिलेक्ट' फॉल्स करा. फिल्टर घालण्याआधी 'फिल्टर्स.क्लिअर' हवंच, नाहीतर मागच्या वेळचे फिल्टर यादीत तसेच राहतात. मग जेपीजी आणि पीएनजी एवढेच ठेवा.

आता 'शो'ने ही खिडकी उघडा. फाइल निवडली तर उत्तर -1 येतं, कॅन्सल केलं तर 0. आधी हे उत्तर तपासा, मगच 'सिलेक्टेडआयटम्स(1)' वाचा. कॅन्सलनंतर तिथे काहीच नसतं, आणि काकूंसमोर इंग्रजीतला एरर उभा राहतो.

खरी गोची मराठीची. कोडच्या खिडकीत देवनागरी लिहिलं की प्रश्नचिन्हं उमटतात. डायलॉगचं शीर्षक मराठीत हवं असेल तर फॉर्मवर एक लपवलेलं लेबल ठेवा आणि त्याचं कॅप्शन 'टायटल'ला द्या. फाइलचं नावही 'चि. सौ. कां.' वगैरे असू शकतं. अशा नावावर 'फाइलकॉपी' अडते. 'फाइलसिस्टिमऑब्जेक्ट'चं 'कॉपीफाइल' वापरा.

कॉपी करायची, कारण पेनड्राइव्हवरचा पाथ पेनड्राइव्ह काढला की कामातून गेला. डेटाबेसशेजारी एक फोल्डर करा, त्याचं नाव रोमन अक्षरांत ठेवा, आणि फोटोला नोंदणी क्रमांकाचं नाव द्या. टेबलात फक्त हे नाव साठवा. फोटोच टेबलात कोंबू नका. अ‍ॅक्सेसच्या फाइलची मर्यादा 2 जीबी आहे, आणि हल्लीचे बायोडेटावाले फोटो काही लहान नसतात.

शेवटी इमेज कंट्रोलच्या 'कंट्रोल सोर्स'मध्ये 'करंटप्रोजेक्ट.पाथ' (उघडलेली डेटाबेस फाइल जिथे आहे तो पाथ), फोल्डर आणि ते फील्ड जोडा. ही सोय 2007 आणि पुढच्या आवृत्त्यांत आहे. डेटाबेसचे पुढचे-मागचे भाग (फॉर्म एका फाइलमध्ये, टेबलं दुसऱ्या) वेगळे केले असतील, तर फोल्डरचा पाथ एका सेटिंग टेबलात ठेवा.