सोलापुरात प्रयोगशील बिअर चाखताना

आंबट किंवा गढूळ दिसणारी बिअर प्रथमच समोर आली, तर तिला नेहमीच्या लागर या फिकट, स्वच्छ बिअरच्या मापाने मोजू नये. सोलापूरकराने आधी ज्वारीच्या आंबिलीची चव आठवावी. आंबिलीला आंबटपणा देणारे लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंचेच काम जर्मनीतील गोस्लार गावात उगम पावलेल्या 'गोझे' या गव्हाच्या बिअरमध्येही असते, आणि तिच्यात धणे व मीठ घालतात, त्यामुळे ही चव आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. ती सात-आठ अंश सेल्सिअसला, लहान ग्लासात, आधी वास घेऊन चाखावी.

गढूळ आयपीएमध्ये (इंडिया पेल एल या हॉप्सप्रधान बिअरच्या प्रकारात) ओट्स व गहू वापरतात आणि हॉप्सचा, म्हणजे कडूपणा व सुगंध देणाऱ्या फुलांचा, मोठा भाग उकळल्यानंतर घालतात. हॉप्सचा हा सुगंध उष्णतेत लवकर उडतो, म्हणून चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरी उन्हाळ्यात कॅनवरील तारीख पाहावी आणि दुकानात तो थंड ठेवला होता का, हे अवश्य विचारावे. ब्रूट आयपी‌एत विकरांनी (एन्झाइमांनी) गुंतागुंतीची शर्करा तोडून यीस्टला खाण्याजोगी केलेली असल्याने ती अगदी कोरडी लागते.

सोबत शेंगा चटणी व कडक भाकरी असेल, तर गोझेच निवडावी, कारण हॉप्सचा कडूपणा तिखटाची आग वाढवतो. तीव्र स्टाउट (भाजलेल्या धान्याची काळी बिअर) शेवटी ठेवावी.

आफ्रिकेत ज्वारीची बिअर परंपरेने बनते. ज्वारीचा स्टार्च जवाच्या स्टार्चपेक्षा अधिक तापमानाला शिजतो, ही अडचण सांभाळून मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीवर कुणा परवानाधारक ब्रुअरीने प्रयोग करावा, असे मला मनापासून वाटते.